भिंतीवरची निळी रेघ: कुर्ल्यातल्या एका शाळेच्या भित्तिचित्राचं प्रकरण

कुर्ल्यात, मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. रस्त्याकडची कंपाउंडची भिंत साठ फूट लांब, सात फूट उंच. तिच्या एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं कचरा पडत आला आहे. दिवाळीची सुट्टी संपली आणि मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "२६ जानेवारीच्या झेंडावंदनाला पाहुणे येतील. तोवर या भिंतीवर मुलांकडून पर्यावरणाचं चित्र करून घ्या. कचराही थांबेल आणि मुलांना जाणीवही होईल."

मी इथे चित्रकला शिकवते. सहावी-सातवीतल्या ज्यांनी हात वर केले ती सगळी मुलं घेतली, बावीस झाली. पुढे जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असं काम दरवर्षी कितीतरी शाळांमध्ये निघतं आणि चित्र झाल्यावर त्याचा फक्त फोटो उरतो. काय ठरवावं लागलं, कुठे चुकलं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

स्पर्धेत अशीच काढतात

पहिल्या दिवशी मी मुलांना कागद दिले आणि भिंतीवर काय असावं ते काढायला सांगितलं. बावीसपैकी सतरा कागदांवर पृथ्वीचा गोल आला. कुठे तिच्या डोळ्यांत अश्रू, कुठे तोंडात थर्मामीटर, कुठे तिला दोन तळहातांनी उचलून धरलेलं. दोघांनी बर्फाच्या तुकड्यावरचं पांढरं अस्वल काढलं होतं. उरलेल्या कागदांवर 'झाडे लावा, झाडे जगवा'.

रेषा चांगल्या होत्या. पण एकाही कागदावर कुर्ला नव्हतं. आमच्या वर्गाच्या खिडकीतून नाल्याचा वास येतो, पावसाळ्यात अर्धा वर्ग गुडघाभर पाण्यातून शाळेत येतो आणि या मुलांना पर्यावरण म्हटल्यावर उत्तर ध्रुवावरचं अस्वल आठवलं. एका मुलाला विचारलं, "तू कधी अस्वल पाहिलंस का रे?" तो म्हणाला, "नाही बाई. पण स्पर्धेत अशीच काढतात."

त्याचं खरं होतं. गेली कितीतरी वर्षं आम्ही शिक्षकच अशा चित्रांना बक्षिसं देत आलो आहोत. मीही दिली आहेत. रडणारी पृथ्वी काढायला मुलाला घराबाहेर पाऊल टाकावं लागत नाही. मागच्या वर्षीचं बक्षीसपात्र चित्र समोर असलं की काम भागतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की तीन आठवडे रंगाला हात लावायचा नाही. हे मोठ्या बाईंना पटवणं सोपं गेलं नाही, कारण तारीख पक्की होती आणि भिंत कोरी. विज्ञानाचे सर सोबत यायला तयार झाले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

चप्पल परत आली

पहिल्या शनिवारी शाळेमागच्या नाल्याच्या कडेकडेने आम्ही मिठीपर्यंत चालत गेलो. नाला मुलांना जन्मापासून माहीत. तो नदीला मिळतो हे मात्र चौघांनाच ठाऊक होतं. मिठीलासुद्धा बऱ्याच घरांत 'मोठा नाला'च म्हणतात.

पुलावर उभं राहून प्रत्येकाने अर्धा तास पाण्यातून काय वाहत जातं ते लिहायचं, एवढंच काम दिलं होतं. थर्माकोलचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, निर्माल्याची गाठोडी, तेलाचा तवंग, असं सगळ्यांनी लिहिलं. एका मुलीच्या वहीत वरती 'एक निळी चप्पल गेली' असं होतं आणि पानाच्या शेवटी 'चप्पल परत आली'. बाकीची मुलं हसली. तिने सगळ्यांना कठड्याशी नेऊन दाखवलं. भरती लागली होती आणि खाडीचं पाणी वर चढत होतं. नदी उलटी वाहताना त्या मुलांनी पहिल्यांदा पाहिली. पुढच्या दोन महिन्यांत जे काही झालं त्याचं मूळ त्या चपलेत आहे असं मी मानते.

सरांनी तिथेच नदीची वाट सांगितली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन ती निघते आणि साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असं करत सुमारे १८ किलोमीटरनंतर माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला मध्येच वळवलेलं आहे. ज्या वांद्रे-कुर्ला संकुलात आमच्या काही मुलांचे वडील सिक्युरिटीला आहेत, ती जागा एकेकाळी खाजणाची, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीची आणि तिवरांची होती.

दुसऱ्या शनिवारी धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेलो. मिठीच्या काठावरच्या या ३७ एकरांवर पूर्वी शहराचा कचरा पडायचा. तिथे झाडं लावून १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. कचऱ्यावर जंगल उभं राहतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या सावलीत डबा उघडून बसणं वेगळं. काठाशी सरांनी तिवराचं एक पान खालून-वरून दाखवलं. त्यावर मिठाचे बारीक कण होते. एका मुलाने बोट फिरवून चाटलं. मग सगळ्यांना चाटायचं होतं. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं पाहून "ही नाकं आहेत का?" असं एकाने विचारलं. चित्रात त्या मुळांची नाकंच झाली आणि मी ती खोडली नाहीत. चिखलात हवा नसते म्हणून तिवर याच मुळांतून श्वास घेतं.

पाणी कुठवर आलं होतं?

नदी उलटी वाहते, हे घरी सांगितल्यावर बऱ्याच घरांतून एकच विषय निघाला: २००५ चा २६ जुलैचा पूर. मुलं सोमवारी शाळेत आली ती आजी-आजोबांच्या गोष्टी घेऊन. तेव्हा यांच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. मी त्यांना एकच प्रश्न दिला आणि तो घरोघरी विचारायला लावला: पाणी कुठवर आलं होतं?

या प्रश्नाला कुणी फुटात उत्तर देत नाही. लोक हात लावून दाखवतात. एका आजीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. एका काकांनी पोटमाळ्याच्या शिडीची तिसरी पायरी दाखवली आणि तिच्यावर बसून रात्र काढल्याचं सांगितलं. एका घरात फक्त भिंतीवरच्या फोटोकडे बोट गेलं. मुलांनी ते जसंच्या तसं लिहून आणलं: 'आजीच्या गळ्यापर्यंत'.

आकडे करायला बसलो तर हिशेब जुळेना. एकाच गल्लीतल्या शेजारच्या दोन घरांत दोन-दोन फुटांचा फरक. मुलांना वाटलं कुणीतरी खोटं सांगतंय. कोडं सोडवलं ते सातवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी. ते गवंडी आहेत. म्हणाले, "बाई, त्या पुरानंतर अर्ध्या गल्लीने जोती उचलून घेतली. काही मीच उचलली. रस्ताही दोनदा चढला. आजी त्या वेळच्या लादीवर उभी होती आणि तुम्ही आजच्या लादीवरून मोजताय."

मग न हललेली जागा शोधावी लागली. गल्लीच्या तोंडाशी पिंपळाचा जुना पार आहे, त्यावर दगडी कोनाडा. पार कुणी उचललेला नाही. पाणी कोनाड्याच्या वरच्या कडेला टेकलं होतं, असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

रविवारी सकाळी ते गवंडी पारदर्शक नळी घेऊन आले. गवंडीकामात पातळी काढायला वापरतात तीच. नळीत पाणी भरलं, टिचक्या मारून आतले बुडबुडे काढले. "हवा राहिली तर नळी खोटं बोलते," ते मुलांना म्हणाले. एक टोक कोनाड्याच्या कडेशी धरलं, दुसरं टोक घेऊन एक मुलगी गल्लीत पुढे गेली. नळीतलं पाणी वर-खाली डुललं आणि थांबलं. जिथे थांबलं तिथे शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण. मग त्या खुणेवरून पुढची. सहा टप्प्यांत आम्ही शाळेच्या भिंतीपाशी पोहोचलो आणि शेवटची खूण रस्त्यापासून पाच फुटांच्या थोडी वर आली.

हे सगळं शाळेचे शिपाईमामा फाटकात उभे राहून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "ऑफिसातलं कपाट बघा." जनरल रजिस्टरं ठेवायचं ते लोखंडी कपाट. दार उघडल्यावर आतल्या बाजूला गंजाची आडवी रेघ होती, आणि तिच्याखालच्या कप्प्यांतल्या जुन्या रजिस्टरांची शाई फुटून पानांवर निळे डाग पडलेले. मी या शाळेत इतकी वर्षं आहे, ते कपाट रोज बघते आणि ती रेघ मला दिसली नव्हती. खिडकीतून नळी आत घेतली. कपाटावरची खूण आमच्या खुणेपेक्षा चार बोटं खाली निघाली. शाळेची लादी तेव्हाचीच आहे आणि कपाटही तिथून हललेलं नाही, म्हणून आम्ही कपाटाची खूण धरली.

सूतदोरीने भिंतभर रेघ मारली. रेघ सपाट, पण रस्ता नाल्याकडे उतरता. त्यामुळे फाटकापाशी जी रेघ माझ्या गळ्याशी येते, ती नाल्याकडच्या टोकाला कपाळाशी जाते. गटातली सर्वांत बुटकी मुलगी मधोमध पाठ टेकून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या वीतभर वर होती. कुणी काही बोललं नाही.

त्याच दिवशी एका मुलाने जो प्रश्न विचारला, त्यावर आमचं सगळं चित्र उभं आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, "सर, ९४४ मिलिमीटर म्हणजे ९४ सेंटिमीटर. तीन फूट. मग पाणी पाच फूट कसं?"

सरांनी खिचडीचं स्टीलचं ताट मागवलं, त्यात पेलाभर पाणी ओतलं आणि ताट जरा तिरकं केलं. पसरलेलं पाणी एका कडेला गोळा होऊन खोल झालं. ते कडेचं पाणी म्हणजे कुर्ला. पवईच्या टेकड्यांचं, वरच्या वस्त्यांचं पाणी उतरून इथे येतं. मुंबईची जुनी गटारव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरती, तीही ओहोटी असेल तर. त्या दुपारी भरती होती, म्हणजे खाडीचं तोंड बंद. मध्ये पाणी मुरायला, पसरायला जे खाजण होतं ते भराव टाकून संपवलेलं. उरलेलं पात्र अरुंद, त्यात गाळ आणि आपण टाकलेलं सगळं. एका मुलीने ताटाच्या कडेला वहीचा कागद चुरगळून टाकला आणि म्हणाली, "आणि ही आपली थर्माकोल."

रेघेवरून झालेला वाद

चित्राचा आराखडा आता मुलांनीच केला. डावीकडे विहार-पवईच्या टेकड्या, उजवीकडे माहीमची खाडी, मध्ये ताटाच्या कडेसारखं खोलगट कुर्ला आणि भिंतभर ती निळी रेघ. रेघेखाली खऱ्या मापाच्या वस्तू: बाक, गॅसचं सिलिंडर, रेशनच्या तांदळाचं पोतं, जनरल रजिस्टर. खाडीच्या टोकाला तिवरं, चिखलातले निवट्या मासे, खेकडे. एका बाजूला बरोबर ९४ सेंटिमीटरची पट्टी.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यावरून बरंच तापलं. एका पालकांनी स्पष्ट विरोध केला. म्हणाले, "इथे बिल्डिंग व्हायच्या गोष्टी चालल्यात. भिंतीवर पुराची रेघ मारून ठेवलीत तर रूमचा भाव पडेल, भाडेकरू येणार नाही." त्यांना मी वाईट म्हणणार नाही. आयुष्यभराची कमाई त्या दहा बाय बाराच्या खोलीत आहे. दुसऱ्यांनी सुचवलं की त्यापेक्षा देवाच्या फरशा बसवा, कचरा आपोआप बंद होईल. आमच्या शाळेत सगळ्या धर्मांची मुलं येतात, आणि देवाच्या धाकाने स्वच्छता शिकवणं मला पटत नाही. मोठ्या बाईंनी तो विषय तिथेच मिटवला. एका दात्याने सगळा रंग द्यायची तयारी दाखवली होती, अट एवढीच की भिंतीचा तिसरा हिस्सा त्यांच्या नावाला आणि फोटोला. तेही नाकारलं.

रेघेचा निकाल लावला एका आईने. त्या घरकामाला जातात, बैठकीत सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, "पाणी आलं होतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोरांनाच माहीत नाही." त्यावर विरोध करणारेही गप्प बसले. तडजोड इतकीच झाली की लाल अक्षरात 'धोका' असं काही लिहायचं नाही. रेघेवर फक्त '२६ जुलै २००५, पाणी साधारण इथवर' असं लिहायचं. 'साधारण' हा शब्द मुलांनी आग्रहाने ठेवला, त्या चार बोटांसाठी.

निळं पाणी

रंगाचं काम मी थोडक्यात सांगते, पण त्यातल्या दोन गोष्टी दुसऱ्या शाळांना उपयोगी पडतील.

रंगारी असलेल्या दोन पालकांनी उरलेले डबे दिले. ऑईल पेंट आम्ही बाजूला काढला. त्याला टर्पेंटाईन लागतं, ओलसर भिंतीवर तो टिकत नाही, आणि जुन्या डब्यांत शिसं असायची भीती. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, त्यामुळे त्याआधीचा किंवा लेबल नसलेला डबा मुलांच्या हाती द्यायचा नाही हा नियम केला. बाहेरच्या भिंतीचं प्रायमर, पांढरं अ‍ॅक्रिलिक इमल्शन आणि त्यात छटा मिसळायला स्टेनरच्या बाटल्या, एवढ्यावर काम झालं.

पहिल्याच दिवशी माझी मोठी चूक झाली. मुलांनी ब्रश नळाखाली धुतले. मोरीतून निळं पाणी उघड्या गटारात गेलं आणि गटारातून नाल्याकडे निघालं. निळ्या चपलेवाली मुलगी त्या पाण्याच्या कडेने चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "बाई, आपला रंग मिठीत चाललाय." अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, हे मला ठाऊक होतं, पण मोरीपाशी उभी असताना सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तीन बादल्या ठेवल्या. ब्रश आधी रद्दीवर पुसायचा, मग पहिल्या बादलीत, मग दुसरीत, मग तिसरीत. रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी पुन्हा धुवायला वापरायचं. शेवटी गाळ उन्हात वाळवला तर त्याची पापडी झाली. ती पापडी मुलांनी कोरड्या कचऱ्यात दिली. बावीस ब्रशांना रोज तीन बादल्या पुरल्या.

पावसाळ्यानंतर

झेंडावंदनाला पाहुणे आले, कौतुक झालं. खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली.

कचरा थांबला नाही. भिंतीपुढचा ढीग गेला आणि कोपरा ओलांडून वीस पावलांवर विजेच्या खांबाशी पडू लागला. जवळ राहणाऱ्या दोन मुलांनी आठवडाभर खिडकीतून नोंद ठेवली. पिशव्या बहुतेक पहाटे सहा ते साडेसहात पडतात, घंटागाडी नऊनंतर येते. कामावर जाणाऱ्या बायका निघतात तेव्हा गाडी नसते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ओला कचरा संध्याकाळपर्यंत ठेवणार कुठे? आमच्या पहिल्या आराखड्यात 'येथे कचरा टाकू नका' अशी ओळ होती. ती भिंतीवर गेली नाही याचं मला समाधान आहे. मुलांनी नोंदींसह अर्ज केला, त्यावर आवकचा शिक्का मिळाला. गाडीची वेळ अजून तीच आहे. चित्राने कचरा थांबेल अशी अपेक्षा ठेवणं हीच चूक होती, आणि नवीन काम घेणाऱ्या शाळेने ती ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं अपयश भिंतीच्या पायथ्याशी. खालच्या दीड फुटाला ओल चढते, लोणा लागतो, म्हणजे भिंतीतले क्षार फुटून येतात. रंगारी पालकांनी बजावलं होतं, तरी मुलांच्या हौसेपोटी मी तिथेही इमल्शन लावू दिलं. ऑगस्टमध्ये पोपडे निघाले आणि सगळे खेकडे गळून पडले. आता तो पट्टा खरवडून चुन्याने केला आहे. चुन्यातून ओल बाहेर पडते, रंग फुगत नाही. खेकडे गेरूने पुन्हा काढले.

जे टिकलं ते आराखड्यात नव्हतंच. फाटकाशेजारी एक चौकोन जागा उरली होती, तिथे मुलांनी काळा रंग लावून फळा केला. गच्चीवर कापलेल्या बाटलीचं पर्जन्यमापक ठेवलं. रोज सकाळी पावसाचे मिलिमीटर आणि भरतीची वेळ व उंची खडूने लिहायची, अशी पाळी लावली. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे आता सहावीच्या मुलांना पाठ झालं आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की आकड्याभोवती गोल करायचा, हेही त्यांनीच ठरवलं.

जुलैतल्या एका सकाळी मी छत्री मिटत होते. पाळीवरचा मुलगा फळा पुसत होता. रूमच्या भावावरून बैठकीत भांडलेले तेच पालक रिक्षा थांबवून विचारत होते, "काल किती झाला रे?"

"एकशे बारा, काका."

"आणि भरती?"

"दुपारी पावणेदोनला. चार पूर्णांक सहा." त्याने आकड्याभोवती गोल केला.

त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि फोन काढून घरी लावला. "ऐक," ते म्हणाले, "पोराचं दप्तर आणि रेशनचं पोतं माळ्यावर ठेव."